७७७ न लावता: वेब सर्व्हरवरील फाइलींची गटमालकी आणि परवानग्या

वेब सर्व्हरवर चालणाऱ्या स्क्रिप्टला फाइल लिहिता येत नाही, लॉगमध्ये “परमिशन डिनाइड” अशी ओळ उमटते आणि घाईत असलेला माणूस त्या फोल्डरला ७७७ लावून मोकळा होतो. स्क्रिप्ट चालू लागते, म्हणून प्रश्न सुटला असे वाटते. प्रत्यक्षात त्या यंत्रावरील प्रत्येक खात्याला, म्हणजे शेजारच्या साइटच्या स्क्रिप्टलाही, त्या फोल्डरमध्ये वाटेल ते ठेवण्याची आणि असलेले पुसण्याची मुभा मिळालेली असते. हे टाळण्यासाठीच युनिक्सच्या परवानग्यांमध्ये मालक आणि इतर यांच्या मध्ये गट नावाची पायरी ठेवलेली आहे. ती वापरणे अवघड नाही. चूक होते ती अशी, की आज डिस्कवर असलेल्या फाइली दुरुस्त करून माणूस थांबतो, आणि अडचण मात्र उद्या तयार होणाऱ्या फाइलींची असते. नवी फाइल कोण तयार करणार, तिला कोणता गट मिळणार आणि त्या गटाला तिच्याशी काय करता येणार, या तीन गोष्टी आधी ठरवल्या तर पुन्हापुन्हा परवानग्या लावत बसावे लागत नाही.

पुढे आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकायची आहेत. सीएचमॉड परवानग्या बदलते, सीएचओन मालक बदलते आणि सीएचजीआरपी गट बदलते. उदाहरणांत साइटचे फोल्डर /एसआरव्ही/साइट, कोड चढवणारे खाते “डिप्लॉय” आणि गट “साइट” असे धरले आहे.

प्रक्रिया कोणाच्या नावाने चालते?

स्क्रिप्ट ज्याने लिहिली त्याच्या नावाने ती चालत नाही. ती चालवणाऱ्या प्रक्रियेच्या नावाने चालते. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स वितरणांवर वेब सर्व्हरचे खाते डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या नावाचे असते आणि त्याचा क्रमांक ३३ असतो. रेड हॅटच्या कुळातील वितरणांवर अपाचे सर्व्हरचे खाते “अपाचे” याच नावाचे असून त्याचा क्रमांक ४८ असतो. अपाचेची मुख्य प्रक्रिया रूटच्या (यंत्रावरील सर्वाधिकारी खात्याच्या) नावाने सुरू होते, कारण १०२४ च्या खालचे पोर्ट घ्यायला तेवढा अधिकार लागतो. परंतु विनंत्या हाताळणाऱ्या उपप्रक्रिया साध्या खात्याच्या नावाने चालतात. म्हणून चालू प्रक्रिया दाखवणाऱ्या पीएस आज्ञेच्या यादीत रूटची एक ओळ पाहून फसू नये. तिच्याखालच्या ओळी पाहाव्यात.

एनजिनएक्स या वेब सर्व्हरबरोबर पीएचपी-एफपीएम (पीएचपीचा कोड चालवणारी स्वतंत्र सेवा) वापरत असाल तर एकाऐवजी दोन खाती विचारात घ्यावी लागतात. चित्रे, सीएसएस आणि इतर स्थिर फाइली एनजिनएक्स स्वतःच्या खात्याने वाचतो, तर पीएचपीचा कोड एफपीएमच्या पूलमध्ये (तिच्या प्रक्रियांच्या संचाच्या कॉन्फिगरेशनमध्ये) “यूजर” आणि “ग्रूप” या ओळींत जे लिहिले असेल त्या नावाने चालतो. चित्र व्यवस्थित अपलोड होते, पण ब्राउझरमध्ये उघडताना ४०३ (प्रवेश नाकारल्याचा संदेश) येतो, ही तक्रार बहुधा याच फटीतून आलेली असते: फाइल एका खात्याने लिहिली, वाचायला दुसरे आले, आणि दोघांमध्ये समान गट नव्हता.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला) खात्यांची आणि गटांची नावे ठाऊकच नसतात, त्याला फक्त क्रमांक ठाऊक असतात. अल्पाइन या लिनक्स वितरणावर आधारलेल्या कंटेनरमध्ये (यंत्रातच वेगळ्या राखलेल्या जागेत) डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाचा क्रमांक ८२ असतो. त्यामुळे बाहेरच्या डेबियन यंत्रावरील फोल्डर त्या कंटेनरमध्ये जोडले, तर दोन्हीकडे नाव एकच दिसूनही परवानगी नाकारली जाते. अशा वेळी एलएस आज्ञेला एन हा पर्याय द्यावा, म्हणजे नावांऐवजी क्रमांक दिसतात आणि भानगड लगेच लक्षात येते.

निर्णय एकदाच होतो

प्रत्येक फाइलला मालक, गट आणि इतर असे तीन अंक असतात; वाचनाचे ४, लेखनाचे २ आणि चालवण्याचा १ यांची बेरीज म्हणजे तो अंक. एवढे बहुतेकांना माहीत असते. कर्नल हे अंक कोणत्या क्रमाने तपासतो, ते मात्र फारसे सांगितले जात नाही. प्रक्रियेचे खाते हेच फाइलचे मालक असेल, तर पहिला अंकच लागू होतो आणि पुढचे दोन पाहिलेही जात नाहीत. मालक नसेल, पण प्रक्रियेच्या मुख्य किंवा जोडगटांपैकी एखादा फाइलच्या गटाशी जुळत असेल, तर फक्त दुसरा अंक लागू होतो. यांपैकी काहीच जुळले नाही तरच तिसऱ्या अंकाची पाळी येते. म्हणजे ६०४ अशी परवानगी असलेली फाइल जगातील कोणतेही परके खाते वाचू शकते, पण तिच्या स्वतःच्या गटातील सभासदाला ती वाचता येत नाही. खात्याला गटात घातल्यावर पूर्वी चालणारी गोष्ट बंद पडली, तर हा प्रकार आधी तपासावा.

फोल्डरच्या बाबतीत याच अंकांचे अर्थ वेगळे होतात. वाचन म्हणजे आतील नावांची यादी पाहणे, लेखन म्हणजे आत नवे नाव घालणे, पुसणे किंवा बदलणे, आणि चालवणे म्हणजे त्या फोल्डरमधून पलीकडे जाणे. यातून एक गोष्ट निघते, जी ऐकून नवे लोक चमकतात: फाइल पुसण्यासाठी त्या फाइलवर लेखनाची परवानगी लागत नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर लागते. कॉन्फिगरेशनची फाइल ४४० करून सुरक्षित झाली असे समजणाऱ्याने तिच्या फोल्डरचे अंकही पाहिले पाहिजेत, कारण फोल्डर लिहिण्याजोगे असेल तर ती फाइल काढून त्याच नावाची दुसरी ठेवता येते.

मांडणी करताना

प्रथम ग्रूपॲड आज्ञेने “साइट” हा गट तयार करावा, आणि मग डिप्लॉय व वेब सर्व्हरचे खाते असे दोघांनाही त्यात घालावे. एफपीएमच्या पूलचे खाते वेगळे असेल तर तेही घालावे. यूजरमॉड आज्ञेला येथे छोटा ए आणि मोठा जी हे दोन्ही पर्याय एकत्र द्यायचे आहेत. छोटा ए विसरला, तर खाते नव्या गटात जाते खरे, पण आधीच्या सगळ्या जोडगटांतून बाहेर पडते. ज्या खात्याला सुडोचा (दुसऱ्या खात्याच्या, बहुधा रूटच्या, नावाने आज्ञा चालवण्याचा) अधिकार गटामुळे मिळाला आहे, त्याने स्वतःवरच हा प्रयोग केला तर यंत्राची दारे स्वतःलाच बंद होतात.

गटाचे सभासदत्व प्रक्रिया सुरू होताना ठरते. म्हणून आधीच चालू असलेल्या वेब सर्व्हरला आणि उघड्या असलेल्या सत्रांना नव्या गटाची गंधवार्ता नसते. सेवा पुन्हा सुरू करावी आणि स्वतः बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे.

त्यानंतर संपूर्ण फोल्डरची मालकी डिप्लॉयकडे आणि गट साइट असा करावा. कोड वेब सर्व्हरने फक्त वाचायचा असतो, लिहायचा नसतो. त्यामुळे कोडच्या फाइलींना ०६४० आणि फोल्डरांना २७५० पुरे. ज्यांत स्क्रिप्टला खरोखरच लिहावे लागते असे अपलोड, कॅश आणि लॉग एवढेच फोल्डर २७७० करावेत आणि त्यांतील फाइली ०६६०. इतरांसाठीचा अंक सगळीकडे शून्य ठेवला आहे. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल ६४४ ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. यंत्रावर दुसरे कोणीच नाही असे गृहीत धरले तरच ती चालते, आणि हे गृहीतक फार दिवस टिकत नाही.

हे अंक लावताना सीएचमॉडचा मोठा आर वापरून सरसकट एकच अंक लावू नये. ०६४० सरसकट लावल्यास फोल्डरांचा चालवण्याचा अधिकार जातो आणि आत शिरताच येत नाही. ०७५० लावल्यास प्रत्येक चित्र आणि मजकूर चालवण्याजोगा होतो. फाइंड आज्ञेला प्रकार डी सांगून फोल्डरांना एक अंक आणि प्रकार एफ सांगून फाइलींना दुसरा अंक लावावा. अक्षरांनी परवानगी देत असाल तर मोठा एक्स कामाला येतो: तो चालवण्याचा अधिकार फक्त फोल्डरांना आणि ज्या फाइलींकडे तो आधीपासून आहे अशांनाच देतो.

अंकांच्या सुरुवातीला जो २ दिसतो, त्याला सेटजीआयडी म्हणतात, आणि माझ्या मते या सगळ्या मांडणीतला सर्वांत उपयोगी अंक तोच आहे. एरवी नवी फाइल तयार करणाऱ्या प्रक्रियेचा मुख्य गट त्या फाइलला मिळतो: डिप्लॉयने केलेली फाइल डिप्लॉय गटाची, सर्व्हरने केलेली त्याच्या गटाची. फोल्डरवर सेटजीआयडी असेल तर आत तयार होणारी फाइल फोल्डरचा गट घेते, आणि आत तयार होणारा फोल्डर गटाबरोबर हा अंकही पुढे घेऊन जातो. एलएसच्या लांब यादीत गटाच्या तिसऱ्या जागी एक्सऐवजी एस दिसला की तो लागला आहे असे समजावे. मोठा एस दिसला तर सेटजीआयडी आहे, पण गटाला चालवण्याचा अधिकार नाही, म्हणजे काहीतरी चुकले आहे. हा अंक काढताना जीएनयूचे सीएचमॉड थोडे हट्टी वागते: फोल्डरला नुसते ७५० लावल्याने सेटजीआयडी जात नाही, त्यासाठी पुढे दोन शून्ये देऊन ००७५० लिहावे लागते किंवा अक्षरांनी तो स्पष्टपणे काढावा लागतो.

अपलोडच्या फोल्डरमध्ये गटातील कोणीही कोणाचीही फाइल पुसू शकतो, हे २७७० चे उघड फलित आहे. ते नको असेल तर स्टिकी बिटही लावून ३७७० करावे. मग फाइलचा मालक, फोल्डरचा मालक आणि रूट यांनाच ती पुसता येते.

गट बरोबर, अंक चूक

सेटजीआयडी फक्त गट ठरवतो. गटाला काय करता येईल ते यूमास्क ठरवतो. साधारणपणे प्रोग्रॅम नवी फाइल ०६६६ आणि नवे फोल्डर ०७७७ मागतो, आणि यूमास्कमध्ये जे अधिकार लिहिले असतील ते त्यातून वगळले जातात. नेहमीचा यूमास्क ०२२ असतो, त्यामुळे फाइल ०६४४ होते, म्हणजे गटाला फक्त वाचता येते. ००७ केल्यास ०६६० मिळते, जे आपल्याला हवे आहे. सिस्टमडीखाली (लिनक्सवरील सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेखाली) चालणाऱ्या सेवेसाठी तिच्या युनिट फाइलमध्ये “यूमास्क” ही ओळ घालून ०००७ द्यावे. मूळ युनिट फाइल न बदलता सिस्टमसीटीएलच्या एडिट आज्ञेने वरून जोडणी करावी, नाहीतर पुढच्या अपडेटमध्ये ती ओळ पुसली जाते. डिप्लॉय खात्याच्या शेलमध्येही तोच यूमास्क ठेवावा.

या दोन्हींतला फरक मला एका लॉग फाइलने शिकवला. एक साइट रोज मध्यरात्रीनंतर बंद पडायची आणि सकाळी कोणीतरी हात लावला की सुरू व्हायची. लॉगच्या फाइलला त्या दिवसाच्या तारखेचे नाव दिले जायचे. रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी रूटच्या क्रॉनटॅबमधून (ठरलेल्या वेळी करायच्या कामांच्या यादीतून) एक साफसफाईची स्क्रिप्ट चालायची, आणि तिला काहीतरी नोंदवायचे असल्याने नव्या दिवसाची लॉग फाइल बहुतेक वेळा तीच पहिल्यांदा तयार करायची. सेटजीआयडीमुळे गट अगदी बरोबर यायचा. पण रूटचा यूमास्क ०२२ असल्याने फाइल ०६४४ व्हायची, मालक रूट असायचा, आणि गटाचा सभासद असलेल्या वेब सर्व्हरला ती वाचता येई, लिहिता येत नसे. आम्ही तीन दिवस सकाळी फोल्डरवर सीएचमॉड चालवून “दुरुस्ती” करत होतो, आणि यादीतला गटाचा रकाना बरोबर दिसत असल्याने त्याच्या शेजारच्या अंकांकडे कोणी पाहिले नाही. शेवटी ती साफसफाईची स्क्रिप्ट रूटऐवजी वेबच्या खात्याच्या क्रॉनटॅबमध्ये हलवली आणि विषय मिटला. साइटच्या फाइलींना हात लावणारे कोणतेही नियमित काम रूटच्या नावाने चालवू नये, असा नियम मी तेव्हापासून पाळतो.

पीएचपीतून परवानग्या बदलताना

पीएचपीमध्ये सीएचमॉड आणि सीएचजीआरपी या नावांची फलने आहेत, आणि त्यांना कर्नलचेच नियम लागू असतात. फाइलची परवानगी फक्त तिचा मालक किंवा रूट बदलू शकतो. गटाला लेखनाचा अधिकार असला तरी सभासदाला सीएचमॉड करता येत नाही. गट बदलण्यासाठी मालक तर असावेच लागते, शिवाय ज्या गटाकडे फाइल द्यायची आहे त्याचे सभासदही असावे लागते. मालक बदलणे तर रूटशिवाय कोणालाच जमत नाही, म्हणून वेब स्क्रिप्टमध्ये सीएचओन लिहिणे व्यर्थ आहे.

सीएचमॉड फलनाला अंक देताना पुढचे शून्य गाळणे ही जुनी आणि अजूनही जिवंत असलेली चूक आहे. शून्याने सुरू होणारा अंक पीएचपी अष्टमान समजते. शून्य नसेल तर तो दशमान धरला जातो. दशमान ७५५ म्हणजे अष्टमान १३६३. त्यामुळे मालकाला लेखन आणि चालवणे मिळते पण वाचन जाते, गटाला वाचन आणि लेखन मिळते, इतरांना लेखन आणि चालवणे मिळते, आणि वर स्टिकी बिटही लागतो. दशमान ६४४ म्हणजे अष्टमान १२०४: मालकाला आपलीच फाइल वाचता येत नाही, गटाला काहीच मिळत नाही आणि परक्यांना ती वाचायला मोकळी. परवानग्यांचा असा विचित्र आकडा यादीत दिसला, की कोडमध्ये शून्य शोधायला लागावे. अंक अवतरणचिन्हांत दिला तरीही तो दशमानच धरला जातो.

एमकेडीआयआर फलनाला ०२७७० देऊन उपयोग होत नाही, कारण लिनक्स फोल्डर तयार करताना मागणीतला सेटजीआयडी ऐकत नाही. तो वरच्या फोल्डरकडून वारशानेच येतो. शिवाय यूमास्क येथेही लागू होतो. सीएचमॉडला मात्र यूमास्क लागत नाही, म्हणून नेमका अंक हवा असेल तर फोल्डर तयार केल्यावर लगेच सीएचमॉड करणे हा खात्रीचा मार्ग आहे. पीएचपीतच यूमास्क फलन वापरून तो तात्पुरता बदलता येतो, पण अनेक थ्रेडच्या सर्व्हरवर तो साऱ्या प्रक्रियेचा बदलतो, म्हणून ते टाळावे.

अपलोडची वाट सर्वांत फसवी आहे. ब्राउझरमधून आलेली फाइल पीएचपी आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवते आणि मग आपण मूव्ह-अपलोडेड-फाइल हे फलन वापरून ती इच्छित जागी नेतो. तात्पुरता आणि अंतिम असे दोन्ही फोल्डर एकाच फाइल सिस्टमवर असतील, तर हे नेणे म्हणजे निव्वळ नाव बदलणे असते. नवी फाइल जन्मतच नाही, म्हणून अंतिम फोल्डरवरील सेटजीआयडीचा तिच्यावर परिणाम होत नाही आणि ती जुनाच गट घेऊन येते. फाइल सिस्टम वेगवेगळ्या असतील तर प्रत काढली जाते आणि गट बरोबर येतो. त्यामुळे तोच कोड एका यंत्रावर चालतो आणि दुसऱ्यावर चालत नाही, आणि त्यात यूमास्कचा काही दोष नसतो, कारण परवानगीचे अंक हे फलन यूमास्कनुसार स्वतः लावते. यावर उपाय दोन: एकतर फाइल हलवल्यावर सीएचजीआरपी करावे, जे चालते, कारण फाइलचे मालक वेबचेच खाते असते आणि ते साइट गटात असते, किंवा अपलोडचा तात्पुरता फोल्डरच साइट गटाचा आणि सेटजीआयडी असलेला ठेवावा.

याचाच सख्खा भाऊ म्हणजे टेम्पनॅम. कॅश लिहिणारा कोड अर्धवट फाइल कोणाला दिसू नये म्हणून आधी टेम्पनॅमने तात्पुरती फाइल करतो आणि पूर्ण झाल्यावर तिचे नाव बदलतो. पद्धत योग्य आहे, परंतु टेम्पनॅम फाइल मुळातच ०६०० मागते. यूमास्क अधिकार काढू शकतो, देऊ शकत नाही; तेव्हा तो कितीही उदार असला तरी गटाच्या हाती काही लागत नाही. नाव बदलण्याआधी सीएचमॉडने ०६६० करावे.

बदल केल्यानंतर त्याच विनंतीत फाइलपर्म्स किंवा फाइलग्रूप (परवानगी आणि गट सांगणारी फलने) विचारले तर कधीकधी जुने उत्तर येते, कारण पीएचपी ही माहिती काही काळ जवळ ठेवते. दुसऱ्या प्रक्रियेने फाइल बदलली असल्याची शक्यता असेल तेथे क्लिअरस्टॅटकॅश बोलवावे.

आणि एक गैरसमज: अपलोड केलेल्या फाइलला चालवण्याचा अधिकार दिला नाही, म्हणजे ती चालणार नाही, असे नाही. एफपीएम पीएचपीची फाइल केवळ वाचते. तिला वाचनाचा अधिकार पुरतो. अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालू न देणे हे सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्येच करावे लागते, परवानगीच्या अंकांनी ते होत नाही.

कोड चढवताना आणि सीजीआयमध्ये

फाइली दुसऱ्या यंत्रावर नेणाऱ्या आर-सिंक आज्ञेला छोटा ए पर्याय दिला की ती स्रोताकडील गट आणि परवानग्या जशाच्या तशा लावू पाहते, त्यामुळे आपल्या संगणकावरील अंक सर्व्हरवर उतरतात आणि फोल्डरांवरील सेटजीआयडीही जाऊ शकतो. गट न राखण्याचा पर्याय द्यावा आणि सीएचमॉड या पर्यायात फोल्डरांसाठी डी२७५०, फाइलींसाठी एफ६४० असे सांगावे. एमव्हीने हलवलेली फाइल आपला जुना गट टिकवते, तर सीपीने केलेली प्रत नवी असल्याने फोल्डरचा गट घेते. हा फरक हाताने काम करणाऱ्यांना वारंवार नडतो.

अपाचेच्या सूएक्झेकखाली (स्क्रिप्ट ठरवून दिलेल्या खात्याच्या नावाने चालवणाऱ्या सोयीखाली) सीजीआय, म्हणजे सर्व्हरने वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालवायची स्क्रिप्ट, चालवत असाल, तर वरील मांडणीतला एक भाग तेथे चालणार नाही. स्क्रिप्ट किंवा तिचे फोल्डर गटाला लिहिण्याजोगे असेल, किंवा दोन्हींचे मालक आणि गट ठरवून दिलेल्या खात्याशी व गटाशी जुळत नसतील, तर सूएक्झेक ती चालवायलाच नकार देतो आणि कारण आपल्या स्वतंत्र लॉगमध्ये लिहितो. तेथे स्क्रिप्टला ०७५० किंवा ०७५५ ठेवावे. सीजीआयची स्क्रिप्ट खरोखर चालवली जाते, म्हणून तिला चालवण्याचा अधिकार लागतो.

दोन गटांना वेगवेगळे अधिकार द्यायचे असतील, तर एका गटाच्या रकान्यात ते बसत नाही. तेव्हा एसीएल, म्हणजे खात्यांना आणि गटांना वेगवेगळे अधिकार देणारी यादी, वापरावे. सेटएफएसीएलने फोल्डरवर मूळ (डिफॉल्ट) एसीएल ठेवला, की नव्या फाइली तो घेतात आणि यूमास्क बाजूला राहतो. मात्र ०६०० मागून केलेली फाइल येथेही गटाला बंदच राहते, कारण मागणीतील गटाचा अंकच एसीएलचा मुखवटा ठरतो. एसीएल असलेल्या फाइलवर नंतर कोणी सीएचमॉड केले तर तोही मुखवटाच बदलतो. यादीत अंकांच्या शेवटी अधिकचे चिन्ह दिसत असेल, तर एलएसवर विसंबू नये, गेटएफएसीएल पाहावे.

नकार कोठून येतो ते शोधणे

चूक क्रमांक १३ आणि चूक क्रमांक १ यांत फरक आहे. १३ म्हणजे “परमिशन डिनाइड”: अंकांनी वाट अडवली. १ म्हणजे “ऑपरेशन नॉट परमिटेड”: ही कृती करण्याचा हक्कच नाही, उदाहरणार्थ मालक नसताना केलेले सीएचमॉड. दुसऱ्या प्रकारात अंक बदलत बसणे निरर्थक असते.

१३ असेल तर नेमआय आज्ञेला एल पर्याय आणि फाइलचा पूर्ण मार्ग द्यावा. मुळापासून प्रत्येक फोल्डरचे अंक, मालक आणि गट ती एकाखाली एक दाखवते. अपाचेच्या लॉगमध्ये “सर्च परमिशन्स आर मिसिंग” अशी ओळ असेल, तर मार्गातील एखाद्या फोल्डरवर चालवण्याचा अधिकार नाही असाच तिचा अर्थ असतो. उबुंटूवर आवृत्ती २१.०४ पासून नव्या खात्याचे होम फोल्डर ०७५० असते. साइट होममध्ये ठेवली तर वेब सर्व्हर तेथेच अडतो, आतील अंक कितीही बरोबर असोत.

सुडोने वेबच्या खात्याचे नाव घेऊन फाइल वाचून पाहणे ही चांगली चाचणी आहे, पण तिला एक फट आहे. सुडो गटांची यादी त्या क्षणी नव्याने वाचते. त्यामुळे ही चाचणी यशस्वी होते आणि चालू असलेला सर्व्हर मात्र जुन्याच गटांनिशी नाकारला जातो. प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रक्रियेच्या क्रमांकाखाली स्टेटस नावाची फाइल असते. तिच्यातील “ग्रूप्स” ही ओळ खरे काय ते सांगते.

सगळे अंक बरोबर असूनही नकार येत असेल आणि यंत्र रेड हॅटच्या कुळातील असेल, तर एसई-लिनक्सकडे, म्हणजे लेबलांवरून परवानगी ठरवणाऱ्या वेगळ्या सुरक्षाव्यवस्थेकडे, वळावे. एलएसला मोठा झेड पर्याय दिल्यास फाइलीवरील लेबल दिसते. स्क्रिप्टने लिहायच्या फोल्डरला एचटीटीपीडी_एसवायएस_आरडब्ल्यू_कंटेंट_टी हे लेबल हवे. ते सीमॅनेजने नोंदवून रीस्टोरकॉनने लावावे. नुसते सीएचकॉनने लावलेले लेबल पुढच्या रीस्टोरकॉनमध्ये उडते. एसई-लिनक्स बंद करणे म्हणजे ७७७ चाच थोरला भाऊ आहे.

शेवटची पडताळणी सर्व्हरकडूनच करून घ्यावी. पॉझिक्स-गेटईयूआयडी, पॉझिक्स-गेटग्रूप्स आणि यूमास्क यांची उत्तरे छापणारी, मग अपलोडच्या फोल्डरमध्ये एक फाइल आणि एक उपफोल्डर तयार करणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहून ती ब्राउझरमधून उघडावी. फाइल ०६६० आणि साइट गटाची, उपफोल्डर २७७० आणि त्याच गटाचे असे दिसले, आणि डिप्लॉय खात्याने दोन्ही पुसता आले, म्हणजे मांडणी बसली. स्टिकी बिट लावला असला तरी डिप्लॉय फोल्डरचा मालक असल्याने त्याला हे जमले पाहिजे. ती स्क्रिप्ट मग तेथून काढून टाकावी. खात्याचे आणि गटांचे क्रमांक बाहेरच्यांना दाखवण्याची गरज नाही.